ब्रेकच्या बरोबर मध्यात असलेलं चाक

पार्श्वभूमी

मये गावातून चोडण बेटावरच्या शाळेत सायकलने जाणाऱ्या एका शिक्षिकेच्या सायकलचं हे प्रकरण आहे. त्यांच्या संमतीने, नाव न देता लिहितो आहे. मी डिचोलीत सायकली दुरुस्त करतो. त्यांनी मला शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे इथेही त्यांना बाईच म्हणतो.

सायकल साधी: लेडीज फ्रेम, स्टीलची, २६ × १ ३/८ टायर, गिअर नाहीत, दोन्ही चाकांना कॅलिपर ब्रेक. हँडलला पुढे जाळीची टोपली, त्यात वह्यांचा गठ्ठा आणि डबा. मागे कॅरिअर. बाई रोज मये-चोडण करतात आणि पणजीत काम असलं की चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला उतरून पुढे जातात. अशी सायकल वापरणारं माणूस तिच्या वागण्यातला लहानसा बदलही ओळखतं, आणि त्या ओळखीवर दुरुस्त करणाऱ्याने विश्वास ठेवला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. या प्रकरणात आधीच्या दोन ठिकाणी तो ठेवला गेला नाही.

तक्रार

“सायकल डावीकडे ओढते.” बाईंचं म्हणणं एवढंच. हात घट्ट असले तर सरळ जाते, पकड सैल केली की डावीकडे. घरी पोचेपर्यंत डाव्या तळहाताला मुंग्या येतात. ही मुंग्यांची खूण महत्त्वाची होती. हँडल डावीकडे वळायला बघत असेल तर ते सरळ ठेवायला डाव्या हाताने सतत पुढे रेटावं लागतं. म्हणजे ओढ खरी होती, बाईंचा भास नव्हता.

शेजाऱ्यांनी आणि दुकानदारांनी आतापर्यंत दोन निदानं दिली होती. पहिलं: रस्ताच तसा आहे. दुसरं: फेरीबोटीत सायकलला मार बसलाय, चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा फोर्क) वाकलाय. दुसऱ्या निदानाला पुरावाही होता. चतुर्थीच्या सुट्टीनंतर एकदा फेरीबोटीत कठड्याला लावलेल्या सायकलवर शेजारची स्कूटर कलंडली होती आणि टोपली चेपली होती. बाईंच्या मनात ओढ त्या दिवसापासूनची. एका दुकानात तर चिमट्याच्या पायात लोखंडी पाइप घालून तो ‘सरळ’ करायची तयारी झाली होती. बाई सायकल घेऊन निघून आल्या.

कधीपासून?

मी सायकलला हात लावण्याआधी बाईंना पावसाळ्यापासूनचं सगळं क्रमाने सांगायला सांगितलं. त्यात एक गोष्ट निघाली जी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, कारण त्यांच्या लेखी ती संपलेली होती. जुलैत पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक आपटलं, रिम वाकली. एका दुकानात जुन्याच हबवर (चाकाच्या मधल्या, तारा जोडलेल्या भागावर) नवी रिम बांधून घेतली. त्यानंतर जोराचा पाऊस, म्हणून बाई बसनेच जात होत्या. सायकल पुन्हा रोज बाहेर पडली ती चतुर्थीनंतर, आणि त्याच आठवड्यात स्कूटर कलंडली.

म्हणजे संशयित दोन होते, आणि नजरेत भरणारा फेरीबोटीतला असला तरी त्याच्या आधीचा एक होता. मी दोघांनाही जमेस धरलं.

आधी काय वगळलं

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. आपण डाव्या कडेने चालवतो, म्हणून चांगली सायकलही किंचित डावीकडे जाऊ पाहते. त्यामुळे ‘रस्ताच तसा’ हे म्हणणं चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. ते तपासायला रस्त्यावर एकीकडून कितीही चालवा, उत्तर मिळत नाही. आम्ही शाळेचं सिमेंटचं पटांगण घेतलं. तिथेही उतार असणारच, म्हणून मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. पाणी गेटाकडे निघालं. मग उताराला आडवं, एकदा जाताना आणि एकदा त्याच रेषेवरून येताना, बाईंनी टोपली रिकामी करून दोन बोटांच्या पकडीने हळू चालवलं. ओढ उतारामुळे असेल तर परतीच्या वाटेवर ती उजवीकडे जाते. इथे जाताना जरा जास्त, येताना जरा कमी, पण दोन्ही वेळा डावीकडेच. दोष सायकलमध्ये होता.

टोपली रिकामी असल्यामुळे वजनाचा प्रश्नही त्यातच सुटला. डबा नेहमी डाव्या बाजूला असतो हे खरं, त्याने भर पडत असेल, पण मूळ कारण ते नाही.

बाकीच्या तपासण्या लवकर उरकल्या. पुढचं चाक उचलून सायकल जराशी डावीकडे, मग उजवीकडे कलती केली. हँडल दोन्हीकडे सहज पडत होतं. मध्यावर अडकलं असतं तर हँडल ज्यांत फिरतं त्या वाट्यांना छर्‍यांचे खड्डे पडलेत असं समजलो असतो. ब्रेकची केबल सोडूनही हँडल तसंच, म्हणजे केबलचा ताण नाही. हबमध्ये खेळ नाही. टायर फिरवून पाहिला. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर, म्हणजे टायर नीट बसलेला. मागचा चाकदांडा ज्या दोन खाचांत बसतो त्यांतल्या एकीपासून दोरी पुढे हेडट्यूबला (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणली आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. फरक १ मिमी. रोजच्या वापराच्या स्टीलच्या फ्रेमला एवढा फरक मी दोष मानत नाही.

उरलं पुढचं चाक आणि चिमटा. नजरेला दोन्ही निर्दोष. चाक ब्रेकच्या दोन्ही रबरांच्या बरोबर मध्यात, सरळ फिरणारं. नवी रिम बांधणाऱ्याने आउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, छान काढला होता.

चाक उलटं घातल्यावर

इथे एक सोपी तपासणी आहे जी फारशी कुणी करत नाही, आणि मला वाटतं प्रत्येक दुकानात ती व्हायला हवी. पुढचं चाक काढायचं, डावी-उजवी बाजू बदलून पुन्हा घालायचं, आणि रिम चिमट्यात कुठे बसते ते मोजायचं. चाक आणि चिमटा दोन्ही बरोबर असतील तर रिम पुन्हा मध्यातच येते. चाक बरोबर पण चिमट्यात दोष असेल तर रिम दोन्ही वेळा एकाच बाजूला तितकीच सरकलेली दिसते. चिमटा बरोबर पण रिम हबच्या मध्यावर नसेल तर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे.

आमची रिम सुलट्या चाकात बरोबर मध्यात होती. उलट घातल्यावर ती ६ मिमी डावीकडे गेली. टायर चिमट्याच्या डाव्या पायाजवळ जाऊन टेकला.

हे वरच्या तीनपैकी कशातच बसत नाही, कारण दोष दोन होते आणि ते एकमेकांना झाकत होते. हिशेब असा: दोन मोजमापांतल्या फरकाच्या निम्मा दोष चाकाचा, आणि दोन्हींची सरासरी म्हणजे चिमट्याचा. शून्य आणि सहा. फरकाचा निम्मा ३, सरासरीही ३. रिम हबच्या मध्यापासून ३ मिमी उजवीकडे बांधलेली होती, आणि चिमटा चाकाला ब्रेकपाशी ३ मिमी डावीकडे कलवत होता.

चाकाचा आकडा पडताळायला मी तीन सारखे स्टीलचे पेले टेबलावर उपडे ठेवले, त्यांवर रिम आडवी ठेवली आणि हबच्या नटापासून टेबलापर्यंत फूटपट्टीने मोजलं. एका बाजूने ६१ मिमी, चाक पालथं केल्यावर ६७. फरक ६, निम्मे ३. जुळलं.

मग बाईंना विनंती केली की उलट्या चाकानेच पटांगणात हळू एक फेरी मारा, पुढचा ब्रेक सोडलेला आहे, मागचाच वापरा. दिसायला चाक भलतंच तिरकं. बाई गेटापर्यंत गेल्या, वळून आल्या आणि म्हणाल्या, “अरे, ही तर सरळ जाते!”

असं का झालं

चिमट्याच्या एका पायाची खाच दुसऱ्यापेक्षा खाली असली की ॲक्सल (हबमधून जाणारा दांडा) कलतो, आखूड पायाच्या टेबलासारखा. ॲक्सल कलला की अख्खं चाक कलतं. आमच्याकडे डावी बाजू खाली होती, म्हणून चाकाचा वरचा भाग डावीकडे आणि जमिनीला टेकणारा भाग उजवीकडे. चिमट्याच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण १० सेंटिमीटर आणि ॲक्सलपासून रिमची कड जवळपास ३० सेंटिमीटर, त्यामुळे खाचेतला १ मिमीचा फरक ब्रेकपाशी ३ मिमी होऊन दिसतो. खाली जमिनीवरही तेवढाच, किंबहुना किंचित जास्त, पण उलट्या दिशेला.

नवी रिम बांधणाऱ्याने चाक चिमट्यात घातलं तेव्हा त्याला ते वर ३ मिमी डावीकडे दिसलं असणार. त्याने तारा ओढून रिम उजवीकडे आणली आणि ब्रेकच्या मध्यात बसवली. बहुतेक दुकानांत असंच करतात, आणि चिमटा बरोबर असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण इथे रिम अख्खीच ३ मिमी उजवीकडे गेल्याने जमिनीवर टेकणारा भाग, जो आधीच ३ मिमी उजवीकडे होता, तो ६ मिमीवर पोचला. जुलैच्या आधीही सायकल थोडी ओढत असणार, बाईंच्या हाताला त्याची सवय झाली होती. ओढ दुप्पट झाल्यावर ती जाणवली.

चाक उजवीकडे टेकलं आणि सायकल डावीकडे ओढली, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. आधार उजवीकडे सरकला की वजन त्या आधाराच्या डावीकडे पडतं, म्हणून सायकल डावीकडे झुकते. शिवाय चिमटा मागे कललेला असल्यामुळे बाजूला सरकलेल्या चाकावर जमिनीचा वर येणारा जोर हँडललाही डावीकडेच वळवतो. उलट्या चाकात दोन्ही चुका जमिनीपाशी एकमेकींना खोडत होत्या, म्हणून ती तिरक्या चाकानेही सरळ गेली.

पर्याय

बाईंना सगळं मांडून दाखवलं आणि निर्णय त्यांच्यासमोर ठेवला.

चाक उलटंच ठेवायचं, हा सर्वांत स्वस्त उपाय. तो लगेच बाद केला. टायर चिमट्याला घासत होता आणि ब्रेक मध्यात बसवता येणार नव्हता.

फक्त रिम हबच्या मध्यावर आणायची. यात ओढ निम्मी होईल, पण चाक ब्रेकपाशी तिरकं दिसेल, आणि पुढच्या पंक्चरला कुणीतरी ते पुन्हा ‘मध्यात’ आणेल. मला ही भीती खरी वाटत होती.

चिमटा वाकवून सरळ करायचा. याला माझा साफ विरोध होता. चिमट्याचा पाय बाजूला वाकवून त्याची लांबी बदलत नाही, आणि आमचा दोष लांबीचा होता. एक चूक दुसऱ्या चुकीने झाकण्याचाच हा आणखी एक प्रकार झाला असता, तोही तुटल्यास माणूस तोंडावर पडेल अशा भागावर.

चिमटा बदलायचा. मार बसून तो वाकला असता तर बदलण्याशिवाय दुसरा कुठलाच पर्याय मी सांगितला नसता. म्हणून आधी फेरीबोटीतल्या माराचा प्रश्न निकालात काढला. चिमट्याच्या मुळाशी, हेडट्यूबच्या खाली, रंगाला सुरकुती किंवा तडा नाही. दोन्ही पायांना सरळ पट्टी लावली, कुठे वाक नाही. खाचांमधला रंग खरवडून पाहिलं तेव्हा डावी खाच मुळातच उजवीपेक्षा कमी खोल कापलेली दिसली. हा दोष सायकल तयार झाली तेव्हापासूनचा होता; स्कूटरने फक्त टोपली चेपली. नवा चिमटा शोधलाही, पण मिळालेल्यांच्या नळीची लांबी आणि आटे जुन्या वाट्यांना जुळेनात.

शेवटचा पर्याय, डावी खाच कानशीने १ मिमी खोल करायची. स्टीलच्या चिमट्यावर एवढं चालतं. ॲल्युमिनियमच्या चिमट्यावर मी हे करणार नाही, कार्बनवर तर कुणीच करू नये.

बाईंनी विचारलं, “कानस मारल्यावर चूक निघाली तर?” या प्रश्नामुळे कामाचा क्रम ठरला. कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही, म्हणून कापण्याआधी तोच परिणाम परत घेता येईल अशा रीतीने करून बघायचा.

काय केलं

पहिल्यांदा चाक. नव्या रिमच्या निपलांना (तारा कसायच्या लहान नटांना) तेल देऊन रात्रभर ठेवलं. मग उजव्या बाजूच्या सगळ्या तारा अर्धा वळसा सैल, डाव्या बाजूच्या अर्धा वळसा घट्ट, असं फेऱ्याफेऱ्यांनी, दर फेरीनंतर पेल्यांवर ठेवून मोजत. दोन्ही बाजूंनी ६४ मिमी आल्यावर आउट पुन्हा काढला. आता चाक सुलटं घाला की उलटं, रिम चिमट्यात दोन्ही वेळा ३ मिमी डावीकडे. चाकाचा दोष संपला आणि चिमट्याचा उघडा पडला.

मग चाचणी. डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून, दुमडून, १ मिमी जाड केली आणि उजव्या खाचेत ॲक्सलच्या वर बसवली. डावी बाजू वर नेण्याऐवजी उजवी खाली आणली. कल तोच मोडतो. रिम मध्यात आली. पटांगणात हळू फेरी, दोन्ही दिशांनी: ओढ नाही. ही पट्टी तशीच ठेवून रस्त्यावर मुळीच जायचं नाही, ॲक्सल खाचेच्या तळाशी लोखंडावर घट्ट बसायला हवा.

मगच कानस. गोल कानशीने डावी खाच थोडी थोडी, मध्ये मध्ये चाक घालून मोजत. खाचेच्या बाजू रुंद होऊ द्यायच्या नाहीत, फक्त तळ. उघड्या लोखंडावर लगेच प्रायमर, कारण इथल्या खाऱ्या दमट हवेत उघडं स्टील एका पावसाळ्यात गंजतं. वॉशर नवे घातले, ब्रेक नव्याने मध्यात बसवला. टोपलीत डबा मधोमध ठेवायला एक कप्पाही केला.

निकाल

रिम सुलट आणि उलट, दोन्ही वेळा मध्यात. फरक असलाच तर अर्ध्या मिलिमीटरच्या आत. पटांगणात दोन बोटांच्या पकडीने सायकल सरळ जाते. मये-चोडण रस्त्यावर कडेने जाताना अजून किंचित डावीकडे कल जाणवतो. तो उताराचा आहे आणि राहणार, हे बाईंना आधीच सांगितलं होतं. काही आठवड्यांनी त्या म्हणाल्या की तळहाताच्या मुंग्या थांबल्या.

वेगळं काय करता आलं असतं

रिम बदलली त्या दिवशी चाक एकदा उलटं घालून पाहिलं असतं तर चिमट्याचा दोष तेव्हाच सापडला असता. त्याला पाच मिनिटं लागतात आणि पान्याशिवाय काही लागत नाही. रिम हबच्या मध्यावर आहे का हे चाक हातात असतानाच, हबवरून मोजावं, चिमट्यात घालून डोळ्यांनी ठरवू नये. चिमटाच वाकडा असेल तर डोळे त्याच्याशी जुळवून घेतात.

ग्राहकाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. सायकल कधी ओढायला लागली हे विचारलं जातं तेव्हा लोक लक्षात राहिलेली घटना सांगतात. शेवटचं कुठलं काम करून घेतलं, त्यानंतर ती किती चालली, हे वेगळं विचारावं लागतं.

चाक उलटून बघायची युक्ती सगळीकडे चालत नाही. पुढे डिस्क ब्रेक असेल तर चाक उलटं बसत नाही. तिथे बरोबर असल्याची खात्री असलेलं दुसरं चाक घालून बघावं. आणि चाक उलटताना टायरही उलटतो हे ध्यानात ठेवावं. चालवताना ओढ बदलली पण रिमचं मोजमाप जागचं हललं नाही, तर रिमवर हात टाकण्याआधी टायर एकटाच काढून उलटा घालून पाहावा.

या सायकलबद्दल एक काम बाकी आहे. वाट्या आणि छर्रे बदलायची वेळ आली की चिमटाही बदलायचा, दोन्ही मिळून जुळणारे घेता येतील, असं बाईंशी ठरलं आहे. तोपर्यंत दर पंक्चरनंतर डावीकडचा नट पुरता कसला आहे का आणि खाचेपाशी गंज धरतोय का, एवढं त्या स्वतः बघतात.